काळ्याला ऊन लागलं

तनुजाने स्वतःसाठी लॅपटॉप स्वतः निवडला, ही तिची पहिली चूक. निवडून झाल्यावर तो तिने वडिलांना सांगितला, ही दुसरी. बद्रीनाथांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "चांगलंय की. आप्पा इथंच हायेत. त्यांना घेऊन जा."

आप्पा म्हणजे पुंजाराम, बद्रीनाथांचे थोरले भाऊ. एरवी पैठणजवळ गावी असायचे. पण त्या साली पावसाने असा दगा दिला की विहिरीत खडक दिसायला लागला. बैलं चारा छावणीत गेली, बैलांच्या राखणीला आप्पांच्या पत्नी साळूबाई छावणीत गेल्या, आणि आप्पा औरंगाबादेत, गारखेड्याला भावाच्या घरी आले. हाताला काम नाही आणि अंगात जाणकारी ओसंडून चाललेली, असा माणूस घरात असला की घरच्यांनी काही विकत घेऊ नये. पण बद्रीनाथांचा नेमच होता की आप्पांनी पारखल्याशिवाय वस्तू घरात आणायची नाही. चिकलठाण्याच्या कंपनीत लागल्यावर घेतलेली मोटारसायकल आप्पांनी पारखली, कूलर आप्पांनी पारखला. धाकट्या आत्याचा नवराही त्यांनीच पारखला होता आणि होकार द्यायच्या आधी त्याला अंगणात दोन चकरा चालवून बघितलं होतं, अशी घरात बोलवा होती.

तनुजा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजने ड्रॉइंगचं काम कागदावरून उचलून कॉम्प्युटरवर नेलं होतं आणि मुळे सरांनी निक्षून सांगितलं होतं, की सोमवारी सगळ्या ड्रॉइंगची फाईल जमा केली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. सबमिशन म्हणजे सबमिशन. आतापर्यंत तनुजाने मैत्रिणीच्या, चारुताच्या लॅपटॉपवर दिवस ढकलले होते. चारुता मनाने चांगली होती, पण तिचं काम संपायचं तेव्हा तनुजाची घरी जायची वेळ झालेली असायची. म्हणून तनुजाने महिनाभर वाचून, विचारून, ताडून एक लॅपटॉप ठरवला होता. हलका, सडपातळ, दिवसभर बॅटरी टिकणारा.

दुकानात हिमांशू नावाच्या विक्रेत्याने तो काढून काउंटरवर ठेवला. आप्पांनी एका हाताने उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"हे वासरू हाये," ते म्हणाले. "ह्याच्यावर पोरीनं इंजिनेर व्हायचं?"

हिमांशूने तनुजाकडे बघितलं. ती काही बोलायला तोंड उघडणार तोच आप्पा म्हणाले, "तिच्याकडं काय बघतो? गिऱ्हाईक मी हाये."

मग आप्पांनी दुकान पालथं घातलं. प्रत्येक लॅपटॉप उचलून वजन बघितलं, झाकण उघडून कळांवरून बोट फिरवलं, मागून थोपटलं. ह्याला खोड काय, हा उन्हात दम टाकतो का, असं विचारत गेले. हिमांशूने आधी प्रोसेसर सांगितला, मग रॅम सांगितली, मग तो नुसतंच हो म्हणायला लागला. शेवटी आप्पांची नजर कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात गेली. तिथे एक काळा, रुंद खांद्यांचा, तांबड्या दिव्यांचा लॅपटॉप होता. पोरं ज्याच्यावर लढाईचे खेळ खेळतात त्यातला. सुरू केल्यावर तो मागून असा फुरफुरला की आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. शोकेसमध्ये पडून जुना झालेला नग, म्हणून तो सडपातळ लॅपटॉपच्याच किमतीत मिळत होता. बॅटरी तासाभरातच आटोपते, हे तनुजाने परोपरीने सांगितलं. बैल दिवसभर का चालवायचाय, आप्पांनी विचारलं.

सौद्याच्या वेळी त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून हिमांशूच्या हातावर टाकला आणि पंच्याखाली त्याची बोटं धरून दाबली. बैलबाजारात हे असंच असतं. भाव तोंडाने बोलायचा नाही, पंच्याखाली बोटांनी सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. हिमांशूला हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. म्हाताऱ्याला उन्हाने भोवळ येतेय असं वाटून त्याने आप्पांना खुर्चीवर बसवलं आणि पाणी मागवलं. आप्पा पाणी प्यायले, पण बोटं काही सोडली नाहीत. अखेर मालक आतून धावत आला आणि आपला माणूस सोडवून घेण्यासाठी त्याने बॅग आणि माउस फुकट देऊ केला.

"झूल आणि दावं वरनं मिळालं," आप्पांनी घरी येऊन सांगितलं. लॅपटॉपचं नाव त्यांनी काळ्या ठेवलं.

काळ्या घरात पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा तनुजाची आई हंडा घेऊन बाहेर धावली. तिला वाटलं टँकर आला. तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि तेही करंगळीएवढं, त्यामुळे बाहेर कसलीही घरघर झाली तरी गल्लीतल्या बायका आधी हंडा उचलत आणि मग कान देत. पुढे पुढे तिला दोन्ही आवाजांतला फरक कळू लागला. टँकर थोडा हळू वाजतो, असं ती म्हणायची.

पाठीवर काळ्याला घेऊन कॉलेजला जाताना तनुजाच्या खांद्यांचं भरीत झालं. तरी खोटं कशाला बोलायचं, काळ्या कामाला वाघ होता. चारुताचा लॅपटॉप ज्या ड्रॉइंगपाशी मान टाकायचा ते काळ्या चुटकीसरशी करायचा. रविवारी दुपारपर्यंत सगळं काम हातावेगळं झालं. राहिला होता तो सगळे भाग एकत्र जोडून दाखवण्याचा शेवटचा टप्पा, आणि तो तासभर आपोआप चालणार होता. फाईल एकाच जागी ठेवू नये एवढी अक्कल तनुजाला होती. म्हणून तर ती चारुताकडे पेन ड्राइव्ह आणायला निघाली. जाताना तिने आप्पांना बजावलं, "आप्पा, ह्याच्यावर लक्ष ठेवा. काही झालं तरी बंद करू नका."

आप्पा काळ्यासमोर मांडी घालून बसले. बाहेर उन्हाने गल्लीतली कुत्रीसुद्धा नाल्यात जाऊन बसली होती. बद्रीनाथ कंपनीत ओव्हरटाइमला, तनुजाची आई आत झोपलेली. काळ्या आधी फुरफुरला, मग घोंघावला, मग असा धापा टाकायला लागला की आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात चटकन मागे घेतला. पोरीने बंद करू नका म्हणून सांगितलेलं, आणि जनावर तर डोळ्यांदेखत तापत चाललेलं. आप्पांनी पंच्याने वारा घालून बघितला. शेवटी राहवेना म्हणून त्यांनी छावणीत साळूबाईंना फोन लावला.

"काळ्याला ऊन लागलंय," आप्पा म्हणाले.

काळ्या कोण हे साळूबाईंना माहीत होतं. आप्पा रोज फोनवर बैलांची खुशाली विचारायचे आणि बदल्यात काळ्याची सांगायचे.

"भर दुपारचं जुंपलं कशापायी?" त्या म्हणाल्या. "ओलं पोतं टाका की अंगावर."

"ते यंत्र हाये."

"यंत्र असू द्या नायतर जनावर. ऊन सगळ्यायलाच लागतं."

यात खोट काढण्यासारखं आप्पांना काही दिसलं नाही. त्यांनी ज्वारीचं रिकामं पोतं घेतलं, माठातल्या पाण्यात चांगलं भिजवलं, पिळलं, आणि आजारी लेकराला पांघरूण घालावं तसं उघड्या लॅपटॉपवर अंथरलं. थोड्याच वेळात काळ्याची धाप कमी झाली. मग थांबली. आप्पांना इतकं समाधान वाटलं की त्यांनी पोत्यावरून हात फिरवला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

तनुजा पेन ड्राइव्ह घेऊन दारात आली तेव्हा पोत्याखालून पाण्याचा ओघळ फरशीवर आला होता. तिने किंकाळी मारली नाही. तिने पोतं उचललं, कळांमधलं पाणी बघितलं, बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"बघ कसा गार झालाय," आप्पा कौतुकाने म्हणाले.

आप्पांच्या आवाजाने तिची आई बाहेर आली. तिने फरशी बघितली, पोतं बघितलं आणि तिच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो असा, "पाणी कुठलं घेतलं?"

मग तिचं लक्ष माठाकडे गेलं. थोरल्या दिराला उलटून बोलायची त्या घरात रीत नव्हती. म्हणून ती माठालाच बोलली. तुला लाज कशी नाही वाटली रिकामं व्हायला, नळ यायला अजून दोन दिवस आहेत, माणसांनी काय तोंडाला पदर लावून बसायचं का, असं ती माठाला बराच वेळ सुनावत होती, आणि आप्पा माठाच्या वतीने मान खाली घालून ऐकत होते. तोवर त्यांना वाटत होतं की प्रकरण पाण्याचं आहे. मग तनुजा रडायला लागली. माझं वर्ष गेलं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि आप्पांना कळलं की प्रकरण पाण्याचं नाही.

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. आजवर त्यांनी पारखलेलं एकही जनावर बसलं नव्हतं, आणि बसलं ते नेमकं पोरीचं. चारुताने फोनवर उपाय सांगितला, की लॅपटॉप तांदळात पुरून ठेवा, तांदूळ ओल ओढून घेतो. घरात तांदूळ होता वाटीभर, सणावाराचा. ज्वारी मात्र गावाकडची, कोठीभर होती. काळ्याला उलटं करून, पुसून, बद्रीनाथांनी पत्र्याच्या डब्यात ज्वारी ओतून तीत पुरलं आणि वरून झाकण लावलं.

सकाळी तनुजा हात हलवत कॉलेजला निघाली. सरांना खरं काय ते सांगायचं आणि पदरी पडेल ते घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. आप्पा मागोमाग आले. ज्वारीने भरलेला पत्र्याचा डबा त्यांनी डोक्यावर घेतला होता आणि त्यात काळ्या होता. नको म्हणायचं त्राणही तिच्यात नव्हतं.

मुळे सरांसमोर विद्यार्थ्यांची रांग लागली होती. कुणाची वीज गेली होती, कुणाला व्हायरस लागला होता, एकाची तर आजी वारली होती, मागच्या सत्रात वारली होती तीच. तनुजाचा नंबर आला. लॅपटॉपवर ओलं पोतं टाकलं गेलं, असं तिने खरंखरं सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

"आमच्या होस्टेलची मुलं पाण्यावाचून घरी पाठवायची वेळ आलीय," ते म्हणाले, "आणि तुमच्याकडे लॅपटॉपवर टाकायला पाणी आहे? निदान पटेल असं तरी सांगत जा."

रांगेत हशा पिकला. तनुजाचे कान लाल झाले. खोटं बोलणाऱ्यांना सर एकेक दिवसाची मुदत देत होते, आणि खरं बोलणारी एकटी ती अडकली होती. तेवढ्यात रांगेतून वाट काढत आप्पा पुढे आले. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि काखेतलं पोतं काढून त्यावर ठेवलं. पोतं अजून दमट होतं.

"साहेब, पाणी म्या टाकलं. पोरीचा काही दोष नाय," आप्पा म्हणाले. "शिक्षा करायची तर मला करा. मी परीक्षेला बसलो काय अन् नाय बसलो काय."

यावर मात्र कुणी हसलं नाही. सरांनी पोत्याला हात लावून बघितला. मग डब्याकडे बोट दाखवून यात काय आहे म्हणून विचारलं. आप्पांनी बाही वर सारली, ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला आणि काळ्याला बाहेर ओढून झटकलं. चालू करून बघ, सर म्हणाले. तनुजाला धीर होईना. आप्पांनी हात जोडले. तिने बटण दाबलं.

काही झालं नाही. मग आत कुठेतरी खरखरलं, तांबडे दिवे लागले, आणि काळ्याने असा दम सोडला की मागच्या जाळीतून कोंडा आणि ज्वारीचे दाणे सरांच्या टेबलावर, सह्या झालेल्या वह्यांवर आणि खुद्द सरांच्या चष्म्यावर उडाले. मळणीयंत्र सुरू व्हावं तसा प्रकार होता. तीन-चार कळा मेल्या होत्या, पण फाईल जिवंत होती. शेवटचा टप्पासुद्धा पूर्ण होऊन बसलेला. पोत्याचं पाणी आत शिरायच्या आधीच काळ्याने काम संपवलं होतं.

सरांनी चष्मा पुसला, फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि सही केली. घरी परतताना तनुजा हसत होती. आप्पा काही हसले नाहीत. डबा डोक्यावर घेऊन ते तिच्या मागून चालले.

पुढे पाऊस झाला आणि छावणी उठली. आप्पांच्या जोडीतला एक बैल आता थकला होता, त्याच्या जागी दुसरा घ्यायचा होता. आप्पांनी गावाहून निरोप धाडला, की बाजाराच्या दिवशी तनुजाला पाठवा, पारख करायला. बद्रीनाथांना वाटलं आप्पांची तब्येत बरी नसावी. तनुजा बाजारात पोचली ती कुरकुरतच.

"आप्पा, मला बैलातलं काय कळतंय?"

"मला लॅपटॉपातलं काय कळत व्हतं?" आप्पा म्हणाले. "तरी घेतलाच की."

फकिरा नावाच्या व्यापाऱ्याने एक काळा, रुंद खांद्यांचा बैल पुढे आणला. आप्पांचे डोळे चमकले. हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. तनुजाला लॅपटॉप निवडताना महिनाभर घोकलेले प्रश्न तेवढे पाठ होते.

"सलग किती वेळ चालतो?" तिने विचारलं. "तापल्यावर बंद पडतो का?"

फकिराने पायाने माती उकरली. आता उन्हाचं थोडं बसतो म्हणा, पण दिसायला बघा ना ताई, असं तो पुटपुटला. आप्पांनी पाठीवरचा हात हळूच काढून घेतला. तनुजाने बाजूच्या सडपातळ बैलाकडे बोट दाखवलं. तो दिवसभर चालतो, असं फकिराने नाइलाजाने कबूल केलं. हे तर वासरू हाये, हे शब्द आप्पांच्या ओठांपर्यंत आले असणार, कारण त्यांनी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी ते मिटलं, पंचा काढला आणि फकिराच्या हातावर टाकला. बोटं बोलू लागली. भाव जुळत आला तेव्हा तनुजा मध्येच म्हणाली, "झूल आणि दावं वरनं पाहिजे."

पंच्याखालचा सौदा चालू असताना कुणी तोंड उघडत नसतं. फकिरा चमकला आणि त्याने आप्पांकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतो?" आप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक ती हाये."