खडीच्या ढिगावरचा भाऊसाहेब

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बेंबळीच्या रस्त्यालगत खडी फोडण्याचं दुष्काळी काम चालू होतं. कचेरीतला कारकून मल्लिनाथ तिथल्या लिंबाखाली पंचवीस प्रश्नांचे छापील कागद मांडीवर घेऊन बसला होता. या कामाचा समाजावर काय परिणाम होतो, ते मजुरांना विचारून त्याला लिहायचं होतं. पण दूरवर रस्ता पाण्यासारखा लकाकत होता, शंभरेक हातोड्यांचा नाद लांबच्या गुरांच्या घंटांसारखा कानी येत होता, आणि मल्लिनाथचा स्वभाव मुळातच तंद्रीचा. सकाळपासून त्याने फक्त तारीख लिहिली होती.

"भाऊसाब, निजलाव का?" जवळच्या ढिगावरून म्हाताऱ्या सरुबाईने हटकलं.

"निजतोय कुठं, मावशी! बरं सांगा, या कामानं घरात काय फरक पडला?"

"लई पडला. सात वर्सं सुनंशी बोलत न्हवते. हितं दोघी एकाच ढिगावर. 'सरक', 'दगड दे' म्हणता म्हणता बोलाय लागलो."

मल्लिनाथला भरून आलं. कागदावर 'कौटुंबिक कलह' या शब्दांपुढे दोन चौकोन होते, 'वाढला' आणि 'घटला'. त्याने 'घटला'वर खूण केली.

"खोडा ते!" शेजारी बसलेली सून चांगुणा कडाडली. "वाढलाय! आधी घर कसं गपगार असायचं. आता दिसभर बोलत्यात!"

"मी बोलते? अन् तू काय मुकी हाईस?"

मल्लिनाथने खूण खोडली. तशी पलीकडच्या ढिगावरची सासू उठून आली, तिच्यामागून तिची सून आली. घटका गेली न गेली, तोच लिंबाखाली सासवा एकीकडे आणि सुना एकीकडे अशी सभा भरली. एकही हातोडा वाजेना. हातोडे थांबल्याने मल्लिनाथला छान वाटू लागलं.

तेवढ्यात मुकादम गुंडाप्पा धावत आला. "अवो भाऊसाब, आज मापाचा दिस हाय! चारला ओव्हरसियर येनार. ढीग कमी भरले तर ह्यांनी खायाचं काय? तुमचे कागद?"

मल्लिनाथ ओशाळला. कागद दगडाखाली ठेवून तो सरुबाईच्या ढिगाशी बसला आणि हातोडा उचलला. पहिला घाव अंगठ्यावर बसला. चांगुणाने पदराची चिंधी फाडून बांधून दिली. मग हळूहळू हात बसला. काळा दगड फुटला की आत निळसर चकाकी दिसायची. ती बघायला तो पुढचा दगड फोडायचा. चार वाजेपर्यंत तो नखशिखांत धुळीने माखला होता.

ओव्हरसियर नवा होता. "ह्याचं नाव हजेरीपटावर कसं नाही?"

आता थांबलेल्या कामाचा बोभाटा होणार, या धास्तीने गुंडाप्पा बोलून गेला, "आजच आलाय, साहेब."

"कर अंगठा."

मल्लिनाथ अजून त्या निळसर चकाकीतच होता. त्याने सवयीने झोकदार सही ठोकली. ओव्हरसियर सहीकडे बघतच राहिला.

"शिकलास किती?"

"मॅट्रिक."

"अरेरे!" साहेबाने टोपी काढली.

आठ दिवसांनी कचेरीत वरून पत्र आलं: 'बेंबळीच्या कामावर मॅट्रिक झालेला तरुण खडी फोडताना आढळला. हा गंभीर सामाजिक परिणाम होय. सदर इसमाची सविस्तर मुलाखत घ्यावी.' पत्र फिरत फिरत मल्लिनाथच्याच टेबलावर आलं. तो इसम आपणच, हे खरं सांगावं, तर पंचवीस प्रश्न कोरे का राहिले तेही सांगावं लागणार. शेवटी तो खिडकीशी बसला आणि स्वतःलाच विचारू लागला. 'या कामामुळे आपल्या जीवनात काय फरक पडला?' बाहेर वावटळ संथपणे गिरक्या घेत होती. बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं, 'हाताला फोड आले. परंतु दिवसभर आपण काय केले, ते संध्याकाळी डोळ्यांनी दिसले.'

पुढच्या सोमवारी कागद परत आला. समासात मोठ्या साहेबांचा शेरा होता: 'इसम प्रामाणिक व होतकरू दिसतो. कचेरीत कारकून म्हणून घेता येईल का, ते पाहावे.'