मुके कोष

सीमाशुल्क कचेरीच्या प्रयोगशाळेत ते चोवीस रेशीमकोष आले, तेव्हा बाईंच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. एकतीस वर्षांत बाईंचा एकही अहवाल चुकला म्हणून परत आला नव्हता. हा आपला एकुलता एक दागिना आहे, असं त्या म्हणत, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तो अंगावर राहावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

माल होता सूतवाल्या काकांचा. काका वर्षानुवर्षं टाकाऊ रेशीम मागवायचे आणि त्याचं जाडंभरडं, गाठीगाठीचं सूत कातायचे. डागाळलेले, भोकं पडलेले, अखंड धागा न देणारे कोष टाकाऊत मोडतात. अखंड धागा देणाऱ्या कोषांचा रकाना वेगळा, आणि कर जबर. नवे तपासनीस साहेब पोत्यात हात घालून वरचेच चोवीस गोजिरे कोष घेऊन आले होते.

"हे टाकाऊ? आमच्या घरात इतकी चांगली एक वस्तू नाही!"

"साहेब, जरा खाली हात घाला की," काका म्हणाले. "वरचे चार बरे असतातच. भाजीच्या पाटीत नसतात का?"

"नमुना घेतला, सील लागलं. आता बाई सांगतील ते खरं."

बाईंनी दहा कोष गरम पाण्यात सोडले, ब्रशने धाग्याचं टोक शोधलं आणि चरखीवर घेतलं. नऊ कोषांचा धागा अखंड निघाला. मालासोबत 'कोष वाफ देऊन सुकवलेले आहेत' असा दाखला होता, त्यामुळे आतल्या किड्याचा प्रश्न मिटला होता. वजन मात्र त्यांनी सवयीने लिहिलं : सरासरी पावणेदोन ग्रॅम. सुकलेला कोष याच्या निम्माही भरत नाही, हे बाईंना पाठ होतं. पण नेमके तेव्हाच हेडक्लार्क दारात येऊन उभे राहिले.

"बाई, निरोपसमारंभाला खुर्च्या किती मांडू?"

"चाळीस," बाई म्हणाल्या आणि त्याच दमात सही करून मोकळ्या झाल्या : धागा अखंड निघतो. टाकाऊ नाही.

उरलेले चौदा कोष नियमाप्रमाणे कापडी पिशवीत, लाखेचं सील ठोकून कपाटात गेले. काकांनी अपील केलं. अपिलाची फाईल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर निघाली आणि तिने अकरा दिवस घेतले. मधे जिना फक्त वीस पायऱ्यांचा होता. काका रोज येऊन प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसत.

"बाई, गिरणीत चात्या थांबल्यात. माझी माणसं म्हातारी आहेत, दुसरीकडे कोण घेणार त्यांना?"

"काका, माझ्या हातात नमुना होता, पोतं नव्हतं."

"ते झालंच. पण तुमच्या एका सहीवर माझं पोतं अडकलंय."

बाराव्या दिवशी अपिलाचे मोठे साहेब आले. सगळ्यांसमक्ष कपाट उघडलं. तपासनीस साहेबांनी ऐटीत सील फोडलं, पिशवीत हात घातला आणि किंचाळून पिशवी मोठ्या साहेबांच्या अंगावर टाकली. पिशवीतून पांढरे, गुबगुबीत पतंग पंख फडफडवत बाहेर पडले. उडता त्यांना येत नव्हतं, पण मोठ्या साहेबांना ते माहीत नव्हतं. ते खुर्चीवर चढले.

"हे काय आहे?"

"नमुना आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

चौदा कोष, चौदा भोकं. काकांनी एक उचलून उजेडाकडे धरला. "बघा! भोक! टाकाऊ! मी वेगळं काय म्हणत होतो?"

"माल आला त्या दिवशी भोक नव्हतं!" तपासनीस साहेब ओरडले.

"मग त्याच दिवशी सोडायचा होता!"

"जिवंत किडे आयात केले म्हणून दुसरा रकाना लागू शकतो," तपासनीस साहेब म्हणाले. तेवढ्यात एक मादी त्यांच्या नियमांच्या पुस्तकावर चढली आणि रेशमाच्याच पानावर शांतपणे अंडी घालू लागली. पान उलटायची कुणाची छाती झाली नाही.

बाईंचं लक्ष मात्र तिथे नव्हतं. त्यांना बाबांचं औषधांचं दुकान आठवत होतं. काउंटरखाली बुटांच्या खोक्यात पाळलेले रेशमाचे किडे, त्यांचा पानं कुरतडण्याचा बारीक आवाज, आणि गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर बसून कोष तिच्या कानाशी हलवणारे बाबा. "ऐक, छोटे. वाजला तर आतला सुकला. मुका राहिला तर जिवंत आहे. आधी हलवून बघायचं, मग बोलायचं." तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या खोक्याच्या नादानेच ती पुढे रसायनशास्त्र शिकली होती, आणि या चोवीस कोषांपैकी एकही बाईंनी हलवून पाहिला नव्हता.

बाई आपल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दुसरा अहवाल लिहिला. मोठ्या साहेबांनी तो खुर्चीवर उभ्या उभ्याच वाचला : 'नमुना टाकाऊ आहे. पहिला अहवाल त्या दिवसापुरता बरोबर होता, पण अपुरा. कोष जिवंत असल्याचं वजनावरून कळत होतं. मी लक्ष दिलं नाही. चूक माझी. बाकीचं फाईलच्या अकरा दिवसांनी केलं.'

"बाई, शेवटच्या आठवड्यात हे रेकॉर्डवर कशाला?" तपासनीस साहेब हळूच म्हणाले. "दाखला खोटा होता, एवढंच लिहा."

"दाखल्याने वजन केलं नव्हतं. मी केलं होतं."

मोठ्या साहेबांनी गोदामातली पोती उघडून पाहायला माणूस पाठवला. तो डोक्यावर, खांद्यावर पतंग घेऊन परत आला. माल त्याच दुपारी टाकाऊ म्हणून सुटला. बाईंचा पहिला अहवाल एकतीस वर्षांत प्रथमच, लाल शेरा मारून, परत आला. त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

निरोपाला चाळीस खुर्च्या कमी पडल्या, कारण काका गिरणीतली सगळी माणसं घेऊन आले होते. त्यांनी बाईंच्या हातात बुटांचं एक खोकं दिलं, वर दोरी बांधलेलं.

बाईंनी दोरी सोडली नाही. खोकं कानाशी नेऊन हलवलं. आत काहीच वाजलं नाही.

"काय ऐकताय, बाई? त्याच मालाचं पहिलं सूत आहे."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा एकदा हलवून खात्री करून घेतली. "जिवंत आहे."