आप्पांची लॅम्परूम

आमच्या इमारतीत तुम्ही भाजीची पिशवी घेऊन शिरलात, की तळमजल्यावरच्या खुर्चीतून प्रश्न येतो, "वर आलात?"

तुम्ही मंगळवार बाजारातून चालत आलेले असता. सोलापूर तव्यासारखं सपाट. कुठून वर यायचं? पण "आलो, आप्पा" म्हटल्याशिवाय सुटका नाही. तेवढं म्हटलंत, की खुर्चीतला माणूस उठतो, मागच्या फळीच्या खिळ्यावरून तुमच्या नावाचं पितळी टोकन काढतो आणि हातावर ठेवतो. हे सिद्रामआप्पा.

आप्पांची अख्खी नोकरी चंद्रपूरकडच्या एका कोळशाच्या खाणीत झाली. तिथली रीत अशी, की खाली उतरणाऱ्याने आपलं टोकन लॅम्परूममध्ये द्यायचं आणि डोक्याला लावायचा दिवा घ्यायचा. वर आला की दिवा परत, टोकन परत. खिळ्यावर टोकन लटकतंय म्हणजे माणूस अजून जमिनीच्या पोटात आहे. आप्पा निवृत्त होऊन इथे राहायला आले आणि त्यांना या इमारतीची काळजी वाटू लागली. माणसं जातात, येतात, कुणाचा कुणाला पत्ता नाही. त्यांनी भांड्यांवर नावं घालणाऱ्या कारागिराकडून प्रत्येकाचं टोकन करून घेतलं आणि जिन्याखाली फळी ठोकली.

सोसायटीच्या सभेत मी या प्रकाराविरुद्ध घणाघाती भाषण केलं. नागरिकाचं स्वातंत्र्य वगैरे. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि खिशात हात घातला.

"बोलून झालं, मास्तर? हे तुमचं."

टोकनावर माझं नाव फार सुबक काढलं होतं. मी घेतलं.

पुढे असल्याच एका टोकनानं माझी अब्रू घेतली. आमच्या घरी काही वाद झाला (वाद नेहमीप्रमाणे मीच जिंकलो होतो) आणि सौभाग्यवती वैरागला बहिणीकडे निघून गेल्या. जाताना शिस्तीत टोकन देऊन गेल्या. मी सगळ्यांना सांगितलं, लग्नकार्य आहे. पण आप्पा रोज संध्याकाळी, जिन्यात गर्दी असताना विचारायचे, "बाई अजून खालीच की, मास्तर?" मग एकदा हळूच म्हणाले, "दिवा दिला होता का बरोबर, का तसंच अंधारात सोडलं?" तिसऱ्या मजल्यावरच्या पद्माअक्का पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडून मी वैराग गाठलं.

या पद्माअक्का विणकराच्या घरातल्या; घरात तेलुगू आणि भांडणात मराठी. त्यांच्या लेकीला स्थळं येऊ लागली तेव्हा मला आप्पांच्या दुसऱ्या वेडाची ओळख झाली. आप्पांना जगातला प्रत्येक देश त्याच्या कोळशावरून ठाऊक. जर्मनीतला मुलगा आला, तर आप्पांनी मान हलवली. "तपकिरी कोळसा. ओला. धूर फार, ऊब कमी." इंग्लंडचा आला. "खाणी बंद करून बसलेत. आता काय हाय तितं?" जपानचा आला. "घरचा नाही, इकत आणून जाळतात. असल्या घरात पोरगी देतात व्हय?" अमेरिकेचं नाव निघताच मात्र ते खुर्चीत सरळ झाले. जगातला सगळ्यात मोठा साठा. "बुडाखाली भक्कम हाय. द्या." लेक तिकडे गेली, सुखात आहे. अक्का याचं श्रेय अजूनही आप्पांना देतात.

मी एकदा सहज विचारलं, खाणीत खाली कसं वाटतं हो? 

"मला काय ठाऊक? मी कदी खाली गेलोच न्हाय. दिवे देणारा वरच बसतो की."

म्हणजे हा माणूस उभा जन्म लोकांना खाली जाताना बघत आणि परत यायची वाट बघत बसला होता. त्याचं स्वतःचं टोकनच नव्हतं. आमच्या फळीवरही नव्हतं.

फळीच्या अगदी कडेला एक टोकन मात्र कायम लटकलेलं असे. दर सोमवारी आप्पा ते चिंचेनं घासत. त्याच्यावर 'महादेवी' हे नाव. आप्पांची एकुलती एक मुलगी; लाडानं ते तिला कानडीत 'अव्वा', म्हणजे आई, म्हणत. आई लवकर गेली, आप्पांनी एकट्यानं वाढवली, लॅम्परूमच्या बाकावर अभ्यास करून शिकली. ऑस्ट्रेलियात कोळसा तपासायच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. जाताना तिनंच हसत हसत टोकन बापाच्या हातात दिलं होतं, "दोन वर्षांत येते" म्हणून. त्याला बरीच वर्षं झाली. ऑस्ट्रेलियाच्या कोळशाबद्दल मी कितीदा छेडलं. प्रत, थर, साठा यांवर एरवी धबधब्यासारखे बोलणारे आप्पा एवढंच म्हणायचे, "लई लांब हाय."

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. तिनं तिकडेच घर घेतलं होतं. आता कायमची इकडे येणं नाही, तुम्हीच या, म्हणाली. दोन दिवस आप्पांनी कुणाला "वर आलात?" विचारलं नाही. माणसं टोकनं घ्यायला खोळंबून उभी राहू लागली. मी शेजारी जाऊन बसलो.

"काढायचं का हो तिचं?" ते फळीकडे बघत म्हणाले. "काढलं तर वर आली असं होतं. आली तर न्हाय."

"मग तुम्ही जा की."

"आन् हितं कोण बसेल?"

मी बसेन म्हणालो. सभेत भाषण करणारा मीच तो. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दिवा फोडणार याची त्यांना खात्री आहे.

तरी निघाले. सामानात कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणी. निघायच्या सकाळी सगळी इमारत जिन्याखाली जमली. मी त्याच कारागिराकडून एक टोकन करून आणलं होतं. आप्पांनी त्यावरचं स्वतःचं नाव बोटानं चाचपलं.

"पैल्यांदाच खाली चाललो, मास्तर."

नकाशात ऑस्ट्रेलिया खालीच की, असा विनोद मी करणार होतो. केला नाही. त्यांचं टोकन महादेवीच्या शेजारच्या खिळ्याला अडकवलं. पद्माअक्कांनी देव्हाऱ्यातल्यासारखी पेटवलेली एक पणती आणून त्यांच्यासमोर धरली. विमानात नेता येत नाही म्हणून आप्पांनी तिला नुसते हात लावले.

आता संध्याकाळी त्या खुर्चीत मी असतो. घसा खाकरून "वर आलात?" विचारतो. हे विचारताना माणसाचा चेहरा नीट बघावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.

परवा सुट्टीच्या दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ झाली होती. आप्पा तिच्या दारात खुर्ची टाकून बसलेले, अंगावर भलताच जाड कोट. पोहोचायला त्रास झाला का, जेवण जातं का, असं मी विचारत होतो. इतक्यात त्यांनी मान वळवली. फाटक वाजलं. आप्पा मला विसरले. फोन मांडीवर पडला असावा, मला नुसतं आभाळ दिसत होतं.

"वर आलीस, अव्वा?"

"आले, आप्पा."

मी फोन धरून बसलो. शेवटी आप्पांचा चेहरा परत आला. डोळे पुसून आले होते, आवाज मात्र लॅम्परूमचा.

"मास्तर, तिचं काढा. मी बघितली वर आलेली."

"आणि तुमचं?"

त्यांनी मागे घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माजं राहू द्या."

महादेवीचं टोकन मी काढून आत ठेवलं आहे. आज सोमवार. मघाशी पद्माअक्का वाटीत चिंच भिजवून देऊन गेल्या.