तिरडीखालची टिप

कुणाला किती द्यायचं आणि कुणाला किती नाही, हे सोमाजींना प्रत्यक्ष कुबेरानंही शिकवू नये! अख्खी हयात ब्रह्मपुरीच्या बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. "सुटे नाईत, मंग देतो," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा उच्चारलं होतं, की तेवढ्यात एखाद्या पुण्यवानाचा कोटी जप पुरा झाला असता! आणि ते 'मंग' कधी यायचं? त्याच्याआधी उतारूचं गाव यायचं!

त्यामुळे जावई प्रफुल पुण्याहून घडीची गळकाठी घेऊन ब्रह्मपुरीला आला आणि "बाबा, फिशिंगला कुणी गाइड मिळेल का?" म्हणाला, तेव्हा सोमाजी गडगडाटी हसले.

"गाइड? जावाईबापू, इथी तं बगळा बी गाइड हाय! मी पाह्यतो सगळं."

मोहटोल्याच्या तलावावर मासे धरणारा एक ढिवर ठरला. वाळक्या शेंगेसारखा, डोक्याला दुपट्टा, बोलायला महाग. त्यानं दोघांना डोंग्यात बसवलं, कमळाच्या पानांआड मासा कुठं दडतो ते दाखवलं, गळाला गांडूळ लावून दिलं. प्रफुलचा गळ पाण्यापेक्षा झाडातच जास्त अडकत होता. ढिवरानं तो हरवेळी सोडवून दिला. एकदा तर तो सोमाजींच्या कॉलरमध्येही रुतला होता! दिवस कलता कलता एक हातभर मरळ लागली. प्रफुलनं तिचे इतके फोटो काढले, की नवरीचेही कोणी काढत नाही.

निघताना त्यानं हळूच विचारलं, "बाबा, यांना टिप किती द्यायची? नेटवर लिहिलंय, वीस टक्के."

"कायचे वीस टक्के? माशाचे? त्यात निम्मं तं डोकंच हाय!"

प्रफुलनं पाचशेची नोट सासऱ्याच्या हातात ठेवली. "मग एवढे द्या त्यांना." आणि तो गाडीत जाऊन बसला.

पुढं जे झालं ते सोमाजी, तो ढिवर आणि वरचा, या तिघांनाच ठाऊक. सोमाजींनी नोटेकडं पाहिलं. नोटेनं सोमाजींकडं पाहिलं. आणि जन्मभराची सवय जिभेवर आपसूक आली.

"भाऊ, सुटे नाईत. मंग देतो."

"बरं," तो म्हणाला. दुपट्टा झटकला आणि तलावाच्या पाळीवरून चालू लागला.

भांडला असता, तर सोमाजींनी दिलेही असते. पण ते 'बरं' माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं. नोट खिशातच राहिली. मोडायला धीर होईना.

आठवडा गेला. एका संध्याकाळी चहाच्या टपरीवाल्या लहानूनं बातमी सांगितली, "मोहटोल्याचा तो ढिवर गेला ना! तलावावर लोकाईले मासोळ्या धरायले न्यायचा, तो. उद्या सकाळी माती हाय."

सोमाजींनी चहा तसाच खाली ठेवला. घरी आले आणि बायकोपुढं सगळं ओकून टाकलं. रुखमाबाई तुळशीपुढं वात लावत होत्या. हात तसाच राहिला.

"अवो, मेलेल्या मानसाचे पैसे ठेवले तुमी? पुढल्या जन्मी त्याच्या दारात बैल होऊन फेडा लागंल! नाव काय त्याचं? देवापुढं नाव घेऊन माफी तरी मागू द्या."

"नाव?" सोमाजी चाचरले. "तिकीट देताना नाव इचारते का कोनी?"

रुखमाबाईंनी नुसतं पाहिलं. त्या पाहण्यापेक्षा बैल होणं सोपं होतं.

"सकाळच्या जीपनं जाऊ. तेच पाचशे त्याच्या घरच्याईच्या हातात ठेवा."

एकच अडचण होती. रुखमाबाईंचं चातुर्मासातलं मौन. सूर्य डोक्यावर येईस्तोवर शब्द नाही! मग बोलायचं कोणी? सोमाजींनी. आणि तिथंच घात झाला.

मोहटोल्यात पोचले तर ओल्या बांबूंची तिरडी बांधून झालेली. वर पांढरं कापड. बायका हंबरडा फोडत होत्या. सोमाजींनी हात जोडले आणि मनात म्हणाले, 'भाऊ, मंग देतो म्हनलं होतं ना? आलो.' खरंच डोळे भरून आले. ते वाकले आणि मेलेल्याच्या बायकोच्या, बुधरीबाईच्या, मुठीत नोट ठेवली.

"कायचे?" तिनं विचारलं.

आता मयताच्या घरी 'टिप' कसं म्हणावं! सोमाजी गंभीरपणे म्हणाले, "त्याईचे माझ्याकडं राह्यले होते."

घंटी मारल्यावर बस थांबावी, तसं रडणं थांबलं.

बुधरीबाईचा मुलगा दसरू उठून उभा राहिला. "म्हंजे तो तुमीच?"

"कोन तो?"

"माहा बाप मरेस्तोवर सांगे, ब्रह्मपुरीच्या एकाकडं मासोळीचे पैसे अडकून हायेत. इचारलं का म्हनते, मंग देतो! पाचशे देऊन मोकळे होता काय? बाकीचे कुठी हायेत?"

'मंग देतो' ऐकताच सोमाजींना घाम फुटला. "अरे बापा, तो मी नाई!"

"आत्ताच तं म्हनलं, माझ्याकडं राह्यले!" दसरू रुखमाबाईंकडं वळला. "बाई, तुमी सांगा. तुमी देवाधर्माच्या दिसता. ह्याईनं पैसे ठेवून घेतले का नाई?"

रुखमाबाईंनी सूर्याकडं पाहिलं. डोक्यावर यायला अवकाश होता. मौन मोडावं की खोटं वागावं? त्यांनी डोळे मिटले आणि होकारार्थी मान हलवली.

"मंग देतो म्हनत होते का नाई?"

पुन्हा मान हलली. सत्य ते सत्य! आणि 'वर तो बघतो आहे' असं सांगायला त्यांनी एक बोट आभाळाकडं उचललं.

"एक! एक लाख होते म्हनते बाई!" मागून कोणीतरी ओरडलं.

झालं! दसरूनं सोमाजींची कॉलर धरली. बांबू तोडणारा कुऱ्हाडीसकट पुढं आला. सोमाजींना त्या तिरडीशेजारी दुसरी तिरडी दिसू लागली. एवढ्यात खांद्यावर सरपण घेऊन एक माणूस अंगणात शिरला. वाळक्या शेंगेसारखा, डोक्याला दुपट्टा.

"अरे!" सोमाजी बेंबीच्या देठापासून ओरडले, "हा मेला नाई! जित्ता हाय! जित्ता हाय हा!"

असं वाक्य मयताच्या घरी कोणी ओरडू नये. शत्रूच्याही घरी ओरडू नये.

बुधरीबाईचे डोळे एकदम मोठे झाले. ती हात टेकत टेकत तिरडीपाशी सरकली. चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. आत एक पिकलेला म्हातारा होता, सोमाजींनी जन्मात न पाहिलेला. तिनं त्याच्या गालावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग कापड नीट केलं आणि परत जागेवर येऊन बसली. या वेळी ती रडली नाही.

 सोमाजींना वाटलं, धरणीमाय, सुटे मागू नको, सबंधच पोटात घे!

सरपण खाली टाकून तो वाळका माणूस पुढं आला. "कंडक्टरसायेब? सोड दसरू त्याईले. हे लटारूकाकाचे देनदार नोहोत."

"तुले काय मालूम, सुकलूदादा?"

"मले नाई तं कोनाले? हे माहे देनदार हायेत."

कॉलर सुटली. तर त्याचं नाव सुकलू होतं. तिरडीवरच्या म्हाताऱ्या लटारूनं आयुष्यभर तलावावर माणसं नेली, आणि तो खाटेला खिळल्यावर हा पुतण्या नेऊ लागला. हे सगळं तलावावरच एका प्रश्नात कळलं असतं.

आणि नोट? ती बुधरीबाईच्या मुठीत होती. ती परत मागायची छाती सोमाजींची तर नव्हतीच, यमाचीही झाली नसती.

"आलेच तं खांदा द्या," कोणीतरी म्हणालं. रुखमाबाईंनी या वेळी न विचारताच जोरजोरात मान हलवली.

तिरडी उचलली. पुढं एका बाजूला सुकलू, दुसऱ्या बाजूला सोमाजी, मधे लटारूकाका. पाळीवरचा निसरडा रस्ता. ओला बांबू खांद्यात करवतीसारखा रुतत होता.

"सुकलूभाऊ," सोमाजी तिरडीखालून कुजबुजले, "तुमचे किती द्याचे?"

"आत्ता इचारता?"

"नाई, सांगून ठेवा."

"तुमी द्याल ते."

या उत्तराला कोणत्याच कंडक्टरकडं तिकीट नाही! सोमाजींनीच आकडा टाकला. "शंभर?"

सुकलूनं नुसता खांदा थोडा खाली घेतला. सगळा लटारूकाका सोमाजींच्या बाजूला कलला.

"दोनशे! दोनशे, भाऊ!"

"ओ पुढचे, पाय उचला ना!" मागून दसरू खेकसला.

"पाचशे! जावाईबापूनं देल्ले तेवढे! पुरे!"

"बरं," सुकलू म्हणाला आणि खांदा वर घेतला.

तेच 'बरं'. सोमाजींच्या खिशात परतीच्या जीपपुरते पैसे होते. खांदा सोलून निघाला होता, डोळ्यांपुढं काजवे नाचत होते.

"सुकलूभाऊ, जीव चालला माझा! कोनाले तरी सांगून खांदा बदलून द्या ना!"

सुकलूनं मान वळवली नाही.

"सध्या कोनी सुटा नाई, सायेब. मंग देतो."

आणि मसणवटा तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला होता!