बिनकाट्याचा हलवा

हलव्याला काटा आणणं अवघड नाही, फक्त लक्ष लागतं. आणि तीस वर्षं वर्तमानपत्रातल्या चुका धरणाऱ्याला लक्ष द्यायला कोणी शिकवू नये! असं मी तुळजाबाईंना, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, ऐकवलं.

सून ऋतिकाची पहिली संक्रांत. हळदीकुंकवाला तिला हलव्याचे दागिने घालायचे, आणि ते बघायला उमरठहून विहीणबाई चंद्राबाई येणार. तुळजाबाई तीन दिवस परातीतल्या तिळावर चमचा चमचा पाक सोडून हात फिरवत होत्या. आदल्या सकाळी शेवटचे थर माझ्यावर सोपवून त्या बाजारात गेल्या.

पाकाच्या कडेला साखर धरू लागली. मला वाटलं, बिघडला! गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात, हे ठाऊक होतं. दोन पिळली.

काटा आलाच नाही. दाणे तेल चोळलेल्या टकलासारखे चकाकू लागले. तुळजाबाईंनी आधी परात पाहिली, मग मला. दुसरा हलवा करायला वेळ नव्हता. त्याचेच दागिने बांधले.

दुसऱ्या दिवशी चंद्राबाईंनी लेकीचा गळा न्याहाळला.

"हलवा कुठं हाय? पोरीला काचेचे मणी घातलेत?"

तुळजाबाई म्हणाल्या, साखरच आहे. तिथे मिटलं असतं. पण सून शाळेत रसायनशास्त्र शिकवते.

"आई, तशी ही काचच आहे."

मग तिने समजावलं. काटेरी हलव्यात साखरेचे कण शाळेत प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे ओळीत लागतात, तो स्फटिक. लिंबाने ओळी लागतच नाहीत. वीर स्टेशनबाहेर रिक्षावर पडलेली गर्दी जागच्या जागी थिजावी, तसे कण थिजतात. खिडकीच्या काचेतही हेच.

चंद्राबाईंनी त्यातली काच तेवढी ऐकली आणि त्या उठल्या. लेकीची पहिली संक्रांत काचेवर भागवली, हे संध्याकाळपर्यंत उमरठभर झालं असतं!

"थांबा, पुरावा देतो," म्हणत मी तबकातला बाजूबंद उचलला आणि कचकन चावलो. लिंबाची ती साखर तोंडात मऊ झाली, आणि वरची दाढ खालच्या दाढेला जी चिकटली, ती सुटेना. वीस बायका हातात वाण धरून माझ्याकडे बघत होत्या.

चंद्राबाईंनी उरलेला तुकडा तोंडात टाकला. सावकाश चोखला. परत बसल्या.

"साखरच हाय, विहीणबाई," त्या तुळजाबाईंना म्हणाल्या. "पुढच्या संक्रांतीलाबी असाच करा. व्याही कसे गप बसलेत."