करडं वाचायचं, रंगीत टाइप करायचं

माझ्या लग्नाची पत्रिका दिगांबर उगेमुगे यांनी, म्हणजे आमच्या ऑफिसातल्या भाऊंनी, दुरुस्त करून मला परत दिली. घेतली नाही असं नाही. घेतली, हळदीकुंकवाची बोटं पाहून नमस्कार केला आणि मग खिशातलं पेन काढलं. पत्रिकेत "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" ही माझ्या भाच्यांची ओळ लालभडक छापली होती आणि मंगल कार्यालयाचा पत्ता फिक्या सोनेरी अक्षरांत. भाऊंनी पत्त्याखाली ठळक रेघ ओढली आणि घरात कोणी आजारी असल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "बेटा, लोक लाल ते पाहतीन, पिवळं सोडून देतीन. अन् कोणी तसंच केलं तं?"

मी हसले. लग्नाच्या दिवशी सासरकडचे एक काका आर्वी नाक्याजवळच्या भलत्याच कार्यालयात गेले, तिथे आहेर दिला, दोनदा मठ्ठा घेतला आणि मग नवरीचा चेहरा पाहून त्यांच्या लक्षात आलं. भाऊंना हे कळलं तेव्हा ते जिंकल्यासारखे वागले नाहीत. उलट दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

"अन् कोणी तसंच केलं तं?" हे भाऊंचं पालुपद. आम्ही दोघं वर्ध्यातल्या एका छोट्या कंपनीत आहोत. आमची कंपनी जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, एक यंत्र बनवते. कापसाच्या गंजीत लांब सळई खुपसून ठेवायची. आत गरमी वाढायला लागली की फाटकावरचा भोंगा वाजतो, म्हणजे धूर निघायच्या आत माणसं धावतात. मात्र किती गरमीला वाजायचं, कोणत्या भोंग्याला सांगायचं, हे त्या यंत्राला संगणकावर टाइप करून समजवावं लागतं. ते कसं करायचं याची पानं आमच्या वेबसाइटवर आहेत. ती पानं लिहायचं काम भाऊंचं, आणि ती वाचूनही समजलं नाही तर येणारे फोन घ्यायचं काम माझं.

या पानांवर नमुन्याच्या ओळी असतात आणि त्या रंगीत असतात. यंत्राला द्यायचा हुकूम निळा, अवतरणचिन्हातला मजकूर हिरवा, आकडे नारिंगी, आणि माणसाला समजावं म्हणून लिहिलेली टिपणी करडी. प्रोग्रामिंग येणाऱ्या लोकांसाठी हे रंग म्हणजे सोय. नसले तरी त्यांचं अडत नाही. आमचे वाचक मात्र जिनिंगमधले ऑपरेटर. कोणी बारावी झालेला, कोणी कालपर्यंत वजनकाट्यावर गाड्या मोजणारा. त्यांना भाऊंनी पहिल्याच प्रशिक्षणात एक नियम दिला, "करडं वाचायचं, रंगीत टाइप करायचं. बाकी डोकं नोको लावू." तेव्हापासून देवळीपासून समुद्रपूरपर्यंतचे सगळे ऑपरेटर रंग पाहून टाइप करतात. एवढं सोपं आणि एवढं धोक्याचं प्रशिक्षण मी दुसरं पाहिलेलं नाही.

धोक्याचं, कारण हे रंग कोणी माणूस देत नाही. एक प्रोग्राम देतो, आणि तो चुकतो. एकदा एका नमुन्यात शेवटचं अवतरणचिन्ह राहून गेलं. प्रोग्रामला वाटलं, मजकूर अजून चालूच आहे. तिथून खाली पानभर सगळं हिरवं. भाऊ माझ्या टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हिरवं पसरलं." मला वाटलं कोणाला तरी कावीळबिवीळ झाली. दुरुस्ती एका टिंबाएवढी होती. पण भाऊंनी ते पान स्वतःच्या संगणकावर पाहिलं, माझ्या संगणकावर पाहिलं, मालकांच्या मोबाइलवर पाहिलं आणि शेवटी खाली चहावाल्याच्या तडा गेलेल्या मोबाइलवर पाहिलं. "त्याच्यावर कोण पाहणार आहे, भाऊ?" मी म्हटलं. "पाह्यलं तं?" ते म्हणाले.

भाऊ एकटे राहतात. लग्न केलं नाही. बायको केली असती तर तिने एकदा गॅस बंद केल्यावर यांनी चारदा पाहिला असता, म्हणजे नाही केलं ते बरंच झालं, असं मी एकदा नवऱ्याला म्हणाले होते. घराला कुलूप लावून ते निघतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येऊन कुलूप ओढून पाहतात. खाणावळीतल्या फळ्यावर "आज मिळणार नाही" ही ओळ "पातोडी भाजी"च्या इतक्या जवळ लिहू नका म्हणून ते खाणावळवाल्याशी भांडले आहेत. वाईट हे की ही काळजी लागण होण्यासारखी आहे. हल्ली मीही औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचते आणि घाबरते.

यंदा कापूस यायला सुरुवात झाली आणि आमच्या मालकांना नवी वेबसाइट करायची हुक्की आली. त्यांच्या पुतण्याने सांगितलं की आता सगळं काळ्या पार्श्वभूमीवर असतं. शनिवारी संध्याकाळी भाऊ घरी गेल्यावर त्यांनी ती परस्पर चालू करून टाकली. सोमवारी भाऊ आले, पाणीही न पिता पानं उघडून बसले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या बाजूने काहीच आवाज येईना. भाऊ काम करताना पुटपुटतात. ते गप्प झाले की मला भीती वाटते.

मी जाऊन पाहिलं. भोंग्याची ओळ. त्या ओळीत भोंग्याचा पत्ता असतो, आणि संगणकावरच्या सगळ्या पत्त्यांसारख्या त्यात दोन तिरप्या रेघा. नव्या वेबसाइटच्या रंग देणाऱ्या प्रोग्रामला वाटलं, दोन तिरप्या रेघांपुढे येते ती टिपणी. म्हणून रेघांपासून पुढची अर्धी ओळ त्याने करडी करून टाकली होती.

"करडं वाचायचं," भाऊ म्हणाले. "म्या शिकवलं. करडं टाइप नाई करायचं. ज्यानं ज्यानं शनिवारपासून नवी गंजी लावली, त्यानं अर्धीच ओळ टाकली असन. यंत्र काही बोलणार नाई. गरमी मोजत राहीन अन् भोंग्याले सांगणारच नाई."

कापूस पेटतो तेव्हा आधी आतल्या आत धुमसत राहतो. वरून पांढराशुभ्र दिसतो आणि त्यावर माणसं काम करत असतात.

भाऊंनी ते पान दुरुस्त केलं. त्याला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. आता फोन. यादीतले अर्धे त्यांनी घेतले, अर्धे मला दिले. मालक मधे येऊन म्हणाले, "अरे, इतकं काय टेन्शन घेऊन राह्यले?" भाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते केबिनमध्ये परत गेले. एकेक ऑपरेटर सापडत गेला. कोणी नवी गंजी लावलीच नव्हती, कोणी लावली होती आणि खरंच अर्धी ओळ टाकली होती. "करडं होतं ना भाऊ, तुम्हीच तं सांगतलं होतं." भाऊ प्रत्येकाकडून दुरुस्त ओळ फोनवर वाचून घेत होते आणि शेवटी भोंगा वाजवून ऐकवायला लावत होते. दुपारपर्यंत आमच्या ऑफिसात वर्धा जिल्ह्यातले निम्मे भोंगे वाजून गेले.

देवळीच्या जिनिंगचा फोन तेवढा कोणी उचलेना. तो माझ्या वाट्याचा होता. देवळीचा फोन नेहमीच माझ्या वाट्याला यायचा. कधी लक्षात आलं नव्हतं, पण भाऊंनी तो कधीच केला नव्हता.

"काऊन नाई उचलून राह्यले?" भाऊ विचारत होते. मी लावत होते. रिंग जात होती. "परत लाव, बेटा." परत रिंग. मी म्हटलं, मशीन चालू असेल, आवाजात ऐकू येत नसेल. ते म्हणाले, "आग लागली असन तं?" आणि पिशवी उचलून जिना उतरायला लागले. त्यांना एकट्याला जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मीही निघाले.

एसटीत भाऊ पूर्ण वेळ खिडकीतून देवळीच्या दिशेला धूर शोधत होते. एका शेतात कोणी धसकटं पेटवली होती, तेवढ्याने ते उभे राहिले. कंडक्टरने त्यांना खाली बसवलं. देवळीला उतरल्यावर जिनिंगकडे जायला ऑटो केला तर भाऊ चढेनात.

"तू जाय. मी इथंच थांबतो स्टँडवर."

"अहो भाऊ, इतकं आलात, अन् आता?"

"तू जाय ना. ओळ पुरी टाकली का पाह्यजो. भोंगा ऐकजो. जाय लवकर."

मला राग आला. पण भांडायला वेळ नव्हता.

जिनिंग धडाडत चालू होतं. मागच्या अंगणात घराएवढी गंजी आणि तिच्यात आमच्या सळया. काट्याशेजारच्या खोलीत ऑपरेटर बसल्या होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या पुष्पाताई. फोनवर आमचं बोलणं व्हायचं, भेट पहिलीच. मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत होता. मी धापा टाकत सांगितलं, तर त्यांनी शांतपणे संगणक उघडला. ओळ अर्धीच होती. रविवारी टाकलेली.

"करडं होतं म्हणून सोडलं. तुम्हीच तं फोनवर सांगतलं होतं," त्या म्हणाल्या.

मी टाइप करायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. "मी करते. मले येते." आत जाऊन त्यांनी चष्मा आणला, दुरुस्त पान उघडलं आणि एकेक अक्षर बोटाने शोधत अख्खी ओळ भरली. मग आम्ही एक सळई बाहेर ओढून तिला गरम पाण्याची बाटली धरली. भोंगा असा बोंबलला की हमाल गंजीवरून उड्या टाकून पळाले, आणि खरं काय ते कळल्यावर त्यांनी आम्हा दोघींना जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. मी खुर्चीवर बसून घेतलं.

पुष्पाताईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "दिगांबर आला का?"

"तुम्ही ओळखता त्यांना?" मी विचारलं.

"माहा सख्खा भाऊ आहे तो. स्टँडवर बसला असन. इथं नाई येणार."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान वारले तेव्हा भाऊ त्यांना वर्ध्याला न्यायला आले होते. त्यांना जायचं नव्हतं. इथे ऑपरेटरची जागा निघाली होती, ती धरायची होती. "तो म्हणे, तुले नाई जमत. तू दुसऱ्याचं जिनिंग पेटवशीन. चार लोकांसमोर म्हणाला. मी म्हटलं, पाय नोको ठेवू माह्या घरी. राखी पोस्टानं पाठवते दरवर्षी. बोलत नाई."

"तुम्हाला ठाऊक आहे, ही पानं तेच लिहितात?"

"दुसरं कोण लिहीन?" पुष्पाताई म्हणाल्या. "लहानपणी मले गणित नाई ये. तर हा फरशीवर लिहून दे. आकडे पांढऱ्या खडूनं, हातचा लाल खडूनं. म्हणे, लाल विसरायचं नाई. पान पाह्यलं पहिल्या दिवशी अन् मी वळखलं."

इतकी वर्षं आम्ही ज्याला खूळ म्हणून हसत होतो, ते एका माणसाने आपल्या तोंडून गेलेला एक शब्द मागे घेण्यासाठी चालवलं होतं. बहिणीला जमणार नाही म्हणाला होता, आणि मग तिला जमावं म्हणून रोज बसत होता. मी त्यांना म्हटलं, चला ना स्टँडवर. त्यांनी मशीनकडे हात केला. कामाची पाळी संपल्याशिवाय हलता येत नव्हतं. कदाचित तेवढंच कारण नसेलही.

स्टँडवर भाऊंच्या हातात चहाचा ग्लास तसाच होता, साय धरलेला.

"ओळ?"

"पूर्ण टाकली."

"भोंगा?"

"वाजला. हमाल पळाले."

"तिनं स्वतः टाकली का तू टाकून देल्ली?"

"त्यांनी स्वतः. मला हातही लावू दिला नाही. जरा वेळ लागला, चष्मा आत राहिला होता, तो आणून मग टाकली."

भाऊ बाकावरून उठत होते ते पुन्हा बसले. "चष्मा? तिले चष्मा लागला?"

"हो."

"कधी लागला?"

"ते नाही विचारलं, भाऊ."

वर्ध्याची बस लागली. भाऊ खिडकीशी बसले, पण या वेळी बाहेर काही शोधत नव्हते. मी जिनिंगमधलं पुष्पाताईंचं बोलणं सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी ते आपणच म्हणाले, "बारीक अक्षर आहे आपलं. लय बारीक आहे."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचले तेव्हा वेबसाइटच्या सगळ्या पानांवरची अक्षरं पहिल्याच्या दुप्पट झाली होती. काळी पार्श्वभूमी जाऊन पांढरी आली होती. मालक केबिनमधून बाहेर आले. हे बालवाडीचं पुस्तक करून टाकलं म्हणाले, आणि मला विचारलं, "हे कोणी सांगितलं होतं?"

भाऊ माझ्या मागेच उभे होते. मी म्हटलं, "देवळीहून मागणी आली होती, साहेब."

मालक "बरं" म्हणून आत गेले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते खाली चहावाल्याचा मोबाइल मागायला गेले, मोठ्या अक्षरांत रंग नीट दिसतात का ते पाहायला.