मोरपंखी झगा

रविवारची जेवणं आटोपली. नवरा टीव्हीसमोर मांडी घालून बसला, नवा गेम सुरू केला, आणि पडद्यावर स्वतःचे दोन हात दिसताच "अरे देवा!" म्हणून ओरडला. बाह्या गोणपाटाच्या होत्या.

शिलाई मशीनवरून बायकोने मान वर केली. "काय झालं? मेलात का एवढ्यात?"

"माझा झगा कुठाय?"

या झग्यासाठी तो दोन महिने झुरला होता. गेम बाजारात यायच्या आधी जो नोंदवील त्याला गेममध्ये घालायला झगा भेट, अशी जाहिरात होती. निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा. काठाला सोन्याची वेल, वेलीला रुप्याची फुलं. झगेवाला वेशीतून आत आला की सगळं गाव माना वळवून त्याच्याकडे बघतं, असं त्यात दाखवलं होतं. नवऱ्याचा जीव अडकला तो तिथेच. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तो रक्त काढायचा. वीस वर्षं माणसं त्याच्यासमोर बाही वर करून बसत, आणि तो सुई घेऊन जवळ आला की एकूण एक तोंड फिरवून भिंतीकडे बघत. एका गावाने तरी आपल्याकडे बघावं, एवढीच त्याची हौस.

त्याने हेल्पलाइनला फोन लावला. बासरी वाजू लागली. मधूनच एक गोड आवाज सांगे, "तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे," की पुन्हा बासरी. चाळीस मिनिटं हेच. तेवढ्यात बायकोने एका फ्रॉकची काजं करून बटणंसुद्धा लावली.

"एवढी वाट तर तुम्ही लग्नाआधी माझीही पाहिली नाहीत," ती म्हणाली.

अखेर एक मुलगी बोलली. "सर, झगा दिलेला आहे. मागच्याच आठवड्यात मॅडमनी स्वीकारलाय."

"कोण मॅडम?"

"नोंदणीत ज्यांचा मेल दिलाय, त्या. झगा त्यांच्या नावाच्या खात्यात गेलाय."

नवरा हळूहळू मशीनकडे वळला. स्वतःच्या मेलचा पासवर्ड तो विसरला होता, म्हणून नोंदणीत बायकोचा दिला होता. त्यावर तिच्या शिवणकामाच्या ऑर्डरी येत.

"अगं, झग्याचा काही मेल आला होता?"

"आला होता की! 'आपला झगा स्वीकारा.' मला वाटलं, शाळेच्या नाटकाची ऑर्डर. दाबलं बटण." तिचा आवाज चढला. "उलट मेल करून उंची विचारली, खांदा विचारला. तीनदा! उत्तर म्हणून नाही. असली कसली गिऱ्हाइकं?"

नवरा फोनवर काकुळतीला आला. "तो माझ्या खात्यात टाका ना. आम्ही नवरा-बायको आहोत."

"एकदा स्वीकारला की हलवता येत नाही, सर. गेमच्या दृष्टीने तुम्ही दोघं वेगळे."

"घरात टीव्ही एकच आहे हो!"

"मग मॅडमच्या खात्यातून खेळा, सर. आणखी काही मदत?"

दात-ओठ खात तो बायकोच्या खात्यातून आत शिरला. झगा चढवला. छाती काढून वेशीतून गावात गेला. गावाने माना वळवल्या आणि एका सुरात म्हटलं, "यावं, राणीसाहेब!"

तेही त्याने गिळलं असतं. पण झगा कुठाय? समोर रस्ता, खाली दोन हात, हातांवर तेच गोणपाट. तो गरगर फिरला, खाली वाकला, विहिरीत डोकावला. निळं नाही, हिरवं नाही.

"अहो, असल्या झग्याला बाह्या नसतात," बायको म्हणाली. "तो खांद्यावरून पाठीवर सोडलेला असतो. आपली पाठ आपल्याला कशी दिसेल? आरशात बघा."

"गेममधला आरसा विकत घ्यावा लागतो. महालाबरोबर मिळतो."

बायकोने मशीन थांबवलं. "सरका. माझा झगा मी घालते. तुम्ही तुमच्या खात्यातून या."

पडद्याचे दोन भाग झाले. ती पुढे, तो गोणपाटात मागे. आणि मग त्याला झगा दिसला. वाऱ्यावर उलगडत होता, मिटत होता. ती वळली की निळा, थबकली की हिरवा. नवऱ्याची चिडचिड कुठल्या कुठे गेली.

"कसा आहे?"

"बोलू नकोस. नुसती चालत राहा."

तिने त्याच्या अर्ध्या पडद्याकडे मान वाकडी करून पाहिलं. "अस्तर नाही. आणि काठ उलटा लावलाय!" मग गेममधली ती गर्रकन वळली आणि त्याच्यासमोर उभी राहून एकटक बघू लागली. तोंड फिरवलं नाही, भिंत शोधली नाही. नवरा उगाचच लाजला.

"एवढं काय बघतेस?"

"तुमच्या गोणपाटाची शिलाई. एकदम सरळ आहे. खांद्यातही छान बसलंय."

पुढच्या क्षणी फोन तिच्या हातात होता. "नंबर सांगा त्यांचा. झगा माझ्या नावावर आहे ना? असला काठ मी खपवून घ्यायची नाही."

बासरी सुरू झाली.

"चाळीस मिनिटं लागतील," नवरा म्हणाला.

"लागू देत. तोवर गावात फिरू." तिने फोन खांद्याशी धरून कंट्रोलर उचलला. "तुम्ही मागेच राहा आणि काठ कुठे कुठे उलटा लावलाय ते सांगत चला."